दिघा ते बेलापूर : नकाशात आपली जागा कोठे?

जमिनीचा मूळ रंग मातीचा. परंतु नगररचना खात्याच्या नकाशात तिला निरनिराळे रंग चढतात. राहण्याच्या जागेला पिवळा, बाजारपेठेला निळा, कारखान्यांना जांभळा, बागा-मैदानांना हिरवा. कोणत्या तुकड्याला कोणता रंग द्यावयाचा हे कचेरीत ठरते आणि पुढे पन्नास वर्षे माणसांचे जगणे त्या रंगाप्रमाणे चालते. एकाचे मूल घराशेजारच्या शाळेत चालत जाते, तर दुसऱ्याचे मूल रोज महामार्ग ओलांडून जाते. एकाच्या दारापुढे बाग येते, तर दुसऱ्याच्या दारापुढे बुलडोझर. यात नशिबाचा काही संबंध नाही. हा जमिनीच्या वापराचा हिशेब आहे आणि तो आपण समजून घेतला पाहिजे.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत मुंबईतील चाळी आणि झोपडपट्ट्या सोडून आपली कितीतरी कुटुंबे ठाणे खाडीपलीकडे राहावयास गेली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून थेट तिकडे उतरलेलीही पुष्कळ आहेत. म्हणून आम्ही चार-पाच कार्यकर्त्यांनी एक रविवार आणि रजा टाकून एक कामाचा दिवस काढून दिघा ते बेलापूर अशी फेरी केली. बरोबर महापालिकेच्या प्रारूप विकास योजनेच्या नकाशाची प्रत होती. जे पाहिले ते वाचक बंधू-भगिनींपुढे मांडीत आहोत.

जुन्या गावाचीही आखणी होती

नगररचना ही साहेबांनी आणलेली नवी विद्या, असे काही जण समजतात. परंतु आपल्या जुन्या गावाची आखणी काय कमी काटेकोर होती? पाटलाचा वाडा कोठे, देऊळ कोठे, पाणवठा कोणाचा आणि गावकुसाबाहेरची आपली वस्ती कोणत्या अंगाला, हे सारे ठरलेले होते. नकाशा कागदावर नव्हता एवढेच. तो माणसांच्या डोक्यात होता आणि पिढ्यान्पिढ्या कोणाला त्यात दुरुस्ती सुचविण्याची सोय नव्हती. डॉ. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना खेडे हा घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला, त्यामागे हा सारा अनुभव होता.

शहराच्या नकाशाचे मात्र वेगळे आहे. तो कायद्याने छापावा लागतो, लोकांपुढे ठेवावा लागतो आणि त्यावर हरकती व सूचना मागवाव्या लागतात. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने हा हक्क आपल्याला दिलेला आहे. हक्क आहे, तो वापरला जातो काय, हा प्रश्न मनात धरूनच आम्ही गाडीत बसलो.

नवे शहर कसे उभे राहिले

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, सारी गर्दी दक्षिण टोकाला कामाला जाते. तेव्हा खाडीपलीकडे दुसरे शहर वसवावे, असा तिचा गाभा होता. शासनाने ती उचलली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी ठरविण्यात आली. आराखड्याला १९७९ मध्ये मंजुरी मिळाली.

आराखड्याची मांडणी विचारपूर्वक होती हे मान्य केले पाहिजे. एकच मोठे केंद्र न करता चौदा उपनगरे, म्हणजे सिडकोच्या भाषेत ‘नोड’, आखली गेली. प्रत्येकाचे सेक्टर, प्रत्येक सेक्टरला बाजार, शाळा, मैदान. आणि माणूस पायी जाऊ शकेल अशा बेताने रेल्वेची स्थानके. १९९२ साली खाडीवरून मानखुर्द ते वाशी गाडी धावू लागली, तेव्हा त्या रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के भाग सिडकोने उचलला होता.

हा पैसा आला कोठून? वाणिज्य शाखेच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. शेतजमीन शासनाने संपादन करावयाची, तेथे रस्ते, गटारे, दिवे करावयाचे आणि मग तीच जमीन भूखंड पाडून चढ्या भावाने विकावयाची. त्या नफ्यातून पूल, रेल्वे आणि गरिबांची घरे. जमीन हेच भांडवल! हिशेब सरळ आहे, परंतु त्यात एक खोच आहे. जमीन विकूनच जर शहर चालवावयाचे, तर महाग विकली जाणारी जमीन स्वस्त घराला द्यावी असे कोणत्या कारभाऱ्याला वाटेल?

रुळांच्या दोन बाजू

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स हार्बर लोकल पकडावी. हा मार्ग प्रवाशांसाठी २००४ साली सुरू झाला. खाडी ओलांडून विटावा मागे पडले की दिघा गाव स्थानक येते. हे स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाले. तोवर दिघ्याच्या कामगाराला गाडी धरण्यासाठी ऐरोली किंवा कळवा गाठावे लागे.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली तर दोन्ही बाजूंना पाहून घ्यावे. डाव्या हाताला ठाणे-बेलापूर रस्ता, त्यापलीकडे एम.आय.डी.सी.चा औद्योगिक पट्टा आणि त्याच्याही मागे डोंगराच्या पायथ्याला चिकटून वस्त्या. दिघा, इलठणपाडा, गणपतीपाडा, चिंचपाडा, पुढे तुर्भे स्टोअर, इंदिरानगर. उजव्या हाताला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी हे आखीव सेक्टर आणि त्यापुढे खाडी. एकाच शहराची ही दोन अंगे. मध्ये रूळ आणि रस्ता. सकाळी डावीकडची माणसे उजवीकडे धुणी-भांडी, साफसफाई, हमाली, रखवाली करावयास जातात आणि संध्याकाळी परत येतात.

नकाशा उघडून पाहिला. उजवीकडे पिवळा, निळा, हिरवा, सगळे रंग नीट. डावीकडे जांभळा. त्या जांभळ्या रंगावर हजारो घरे उभी आहेत, तेथे पोरे अभ्यास करतात, लग्ने होतात, १४ एप्रिलला मिरवणूक निघते. परंतु जमीन कारखान्यांसाठी ठरलेली, म्हणून तेथले घर ‘अतिक्रमण’.

हे कसे झाले? औद्योगिक पट्टा नवे शहर जन्मण्याच्या आधी, साठीच्या दशकात आखला गेला. कारखाने आले, दगडाच्या खाणी सुरू झाल्या. कामगार लागणार हे उघड होते. यंत्राला शेड बांधली, कच्च्या मालाला गोदाम बांधले. मजुराने रात्री कोठे झोपावे याची जागा मात्र आखणीत नव्हती. मग त्याने डोंगराखाली पत्रे ठोकले. पुढे रासायनिक कारखाने एकामागून एक बंद पडत गेले आणि काही ठिकाणी संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. जमिनीचा वापर बदलला, नियमांनीही त्याला वाट करून दिली. मजुराच्या पत्र्याला मात्र ती वाट अजून सापडलेली नाही.

दिघ्याचे धडे

दिघ्यात उतरून आम्ही इलठणपाड्याच्या बाजूला चालत गेलो. येथे रेल्वेचे इंग्रजी अमदानीतील धरण आहे. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे म्हणून ते बांधले. डोंगर, पाणी, झाडी पाहून मन प्रसन्न होते, आणि त्याच वाटेवर पाण्याच्या रिकाम्या कळश्यांची रांग पाहून ते खालीही येते.

दिघ्याचे नाव २०१५ मध्ये वर्तमानपत्रांत सारखे येत होते. येथील ९९ बेकायदा इमारतींवर कारवाई करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला. इमारती एम.आय.डी.सी., सिडको इत्यादींच्या जमिनीवर उभ्या होत्या. बांधणारे पैसे घेऊन मोकळे झाले. राहणाऱ्यांनी गावची जमीन विकून, बायकोचे दागिने मोडून, पतपेढीचे कर्ज काढून खोल्या घेतल्या होत्या. त्यांच्या हातात करारनामा होता, वीजबिल होते, घराच्या किल्ल्या होत्या. जमिनीचा मालक कोण आणि नकाशात तिचा वापर काय, हे दोन कागद तेवढे पाहिले नव्हते.

न्यायालयाने कायद्याप्रमाणे निर्णय दिला. परंतु पाच-सहा मजले चढेपर्यंत ज्यांचे डोळे मिटलेले होते त्यांचे काय, असा प्रश्न तेथील माणूस आजही विचारतो. त्याला उत्तर मिळणे अवघड, कारण येथे जमिनीचे धनी अनेक. जमीन एकाची, बांधकामाची परवानगी दुसऱ्याकडे, पाणी तिसऱ्याचे, बाजूची पट्टी रेल्वेची, वरचा डोंगर वनखात्याचा. अर्ज घेऊन गेलेला माणूस एका टेबलाकडून दुसऱ्याकडे जातो. प्रत्येक टेबलावर एकच उत्तर, ‘हे आमच्याकडे येत नाही.’ कारकुनी करीत आमची वीस-पंचवीस वर्षे गेली आहेत. या उत्तराची ताकद आम्ही जाणून आहोत!

संघटनेने मिळविलेली जागा

ऐरोलीला उतरून सेक्टर १५ मधील डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक पाहिले. महापालिकेने उभारलेल्या या स्मारकात ग्रंथालय आहे. आमच्याबरोबरच्या दोघी भगिनींनी ते कपाटाकपाटाने पाहिले. सार्वजनिक वापरासाठी एखादा भूखंड राखला गेला तर त्यावर काय उभे राहू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे. डाव्या बाजूच्या वस्त्यांतील मुलांनाही येथे यावयास मिळाले पाहिजे. पालकांनी त्यांना एकदा तरी हात धरून आणावे.

तेथून कोपरखैरणे. येथे आम्ही बराच वेळ घालविला, कारण या फेरीतला सर्वांत मोठा धडा येथे मिळाला. मुंबईतील कांदा-बटाटा, धान्य, मसाला, भाजी, फळे यांचे घाऊक बाजार १९८० नंतर टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशीच्या बाजार समितीच्या आवारात हलविण्यात आले. बाजार हलला की पाठीवर पोते वाहणारा माथाडी कामगारही हलणार. त्याचे घर मुंबईत, काम खाडीपलीकडे. माथाडी कामगार अण्णासाहेब पाटील यांच्या काळापासून संघटित होता. १९६९ चा माथाडी कायदा त्यांच्या लढ्याचेच फळ. संघटनेने घरांची मागणी लावून धरली आणि सिडकोने कोपरखैरणे, घणसोली भागांत माथाडींसाठी लहान घरे बांधली. आज त्या गल्ल्या अरुंद आहेत, घरावर घर चढले आहे, गाडी लावावयास जागा नाही, हे खरे. परंतु त्या घराला नंबर आहे, कागद आहे, वारसाचे नाव लागते आणि बँक त्यावर कर्ज देते.

आता शेजारचा खाणमजूर पाहा. त्याने फोडलेल्या खडीवर सेक्टरचे रस्ते झाले. कष्ट तेच, घाम तोच. परंतु त्याची संघटना नव्हती, मागणी कोणी लिहून दिली नव्हती. तो नकाशाबाहेर राहिला. माथाडीला जागा दयेने मिळाली नाही. आखणी चालू असताना त्याचा माणूस टेबलासमोर उभा होता, म्हणून मिळाली.

तुर्भे स्टोअरची मावशी

तुर्भे स्टोअरच्या वस्तीत एका ओट्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी बसल्या होत्या. आम्ही जय भीम केला. त्यांनी बसावयास सतरंजी टाकली.

“मावशी, गाव कोणतं तुमचं?”

“जालन्याकडचं. बहात्तरच्या दुष्काळात आलो, बाबा. इथं तव्हा डोंगर होता अन् खाण होती. मालकानं सांगितलं, तिथंच ऱ्हा. ऱ्हायलो.”

“आणि खाण बंद झाल्यावर?”

“जायाचं कुठं? पोरी इथंच जन्मल्या, इथंच शाळा शिकल्या. ह्यो समोरचा रस्ता हाय ना, त्याची खडी आम्हीच फोडली. अन् आता साहेब म्हणतेत, तुमचं घर नकाशात न्हाई. मी म्हणलं, नकाशा काढला तव्हा मी इथंच बसले होते. मला कुणी इचारलंच न्हाई!”

आम्ही निरुत्तर झालो. ‘नकाशा काढला तेव्हा मला कोणी विचारले नाही’ या एका वाक्यात नगररचनेचा अर्धा इतिहास आला. कायद्यानुसार विकास योजना करण्यापूर्वी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करावा लागतो. म्हणजे आज त्या जागी प्रत्यक्षात काय आहे, घर, शेत, दुकान की खाण, हे नोंदवावयाचे. ही नोंद मावशींच्या ओट्यापर्यंत पोहोचली तर तिचा अर्थ. नाही तर पन्नास वर्षांची वस्ती कागदावर मोकळी जमीन ठरते.

मूळ गावकऱ्यांचे दुःख

ही फेरी केवळ आपल्या वस्त्या पाहून पुरी झाली असती तर ते एकांगी झाले असते. घणसोली, सानपाडा, शिरवणे ही आगरी-कोळी बांधवांची मूळ गावे. त्यांची शेते, मिठागरे गेली आणि मोबदला तुटपुंजा मिळाला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी लढा दिला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या रक्तातून पुढे १९९० मध्ये साडेबारा टक्के योजना आली. संपादन झालेल्या जमिनीच्या प्रमाणात विकसित भूखंड शेतकऱ्याला परत मिळू लागला. देशभर नावाजलेली ही योजना कोणा अधिकाऱ्याच्या मनातून उगवलेली नाही, हे विसरता कामा नये.

तरीही गावांची अडचण संपली नाही. कुटुंबे वाढली, गावठाण वाढविले गेले नाही. पोरांनी गावाभोवती घरे बांधली, त्यांना ‘गरजेपोटी बांधकामे’ असे नाव पडले. दुसरे असे की, खाडीकाठची जमीन भरतीच्या पातळीखाली असल्याने सेक्टर भराव टाकून उंच केले गेले. गावे होती तेथेच, खाली राहिली. पावसाचे पाणी साठविण्यासाठी धारण तलाव आहेत. भरती आली की त्यांची झडप मिटते, ओहोटीला उघडते आणि पाणी खाडीत जाते. परंतु तलाव गाळाने भरले, आसपासची पाणथळ जागा भरावाखाली गेली की तेच पाणी उलट गावात आणि वस्तीत शिरते. नकाशातील निळ्या-हिरव्या जागेचा रंग बदलला तर त्याची किंमत बहुधा खालच्या अंगाला राहणारा चुकवितो.

बेलापूर : अंगण आणि किंमत

शेवटचा मुक्काम बेलापूर. येथे सिडकोचे मुख्य कार्यालय आहे, महापालिकेचेही आहे. डोंगराच्या बाजूला कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलेली एक वसाहत आहे, ‘आर्टिस्ट व्हिलेज’. साधारण सहा हेक्टरांत सुमारे ५५० कुटुंबांची सोय. सात-सात घरे एका लहान अंगणाभोवती. भूखंड ४५ चौरस मीटरपासून. गरिबाचा आणि बऱ्या स्थितीतल्याचा भूखंड यांत फार अंतर नाही. कोणाची भिंत कोणाला चिकटलेली नाही, म्हणून ऐपतीप्रमाणे प्रत्येकाने पुढे खोली वाढवावी. आता तेथे बहुतेक घरे पाडून मोठी घरे झाली आहेत, परंतु अंगणे अजून दिसतात. मुले खेळत होती. कमी पैशांत, उंच मनोरे न बांधता, दाट तरीही मोकळी वस्ती करता येते, हे या शहराला चाळीस वर्षांपूर्वी माहीत होते!

आता आजची गोष्ट घ्या. सिडकोने २०२४ मध्ये २६ हजार घरांची योजना काढली. तळोज्यात दुर्बल घटकासाठीच्या घराची जाहीर किंमत २५ लाखांच्या घरात होती. पुढे किमती उतराव्यात म्हणून ओरड झाली. आपण साधा हिशेब करू. तीन लाख पदरचे घातले आणि २२ लाख कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १९ हजार रुपये पडतो. कंत्राटी सफाई कामगार, रखवालदार किंवा चार घरची कामे करणारी भगिनी यांच्या हातात महिन्याला येतात किती? हप्ता भरल्यावर मुलांची फी, दवाखाना, गाडीभाडे कशातून भागवावयाचे? ज्याच्यासाठी घर, त्याला ते परवडत नसेल तर ते घर दुसऱ्याच्याच हाती जाणार.

दरम्यान शहराचा वेग वाढतच आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये होऊन डिसेंबरपासून विमाने उडू लागली. त्यासाठी दहा गावे हलवावी लागली, उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळविला. प्रगती व्हावीच. परंतु विमानतळावर सामान उचलणारा, फरशी पुसणारा, कॅन्टीनमध्ये भांडी घासणारा माणूस रात्री कोठे झोपणार, हा साठ वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा उभा आहे. त्याचे उत्तर आताच नकाशात लिहिले गेले नाही तर उलवे-द्रोणागिरीच्या टेकड्यांखाली नवे तुर्भे स्टोअर उभे राहील.

आपण काय करावे?

आरक्षण हा शब्द आपल्याला नोकरी-शिक्षणामुळे परिचयाचा आहे. नगररचनेतही आरक्षण असते. शाळा, दवाखाना, मैदान, वाचनालय, बेघरांसाठी घरे यांकरिता भूखंड राखून ठेवले जातात. आणि येथेही ते आपोआप टिकत नाही. खासगी जमिनीवरील आरक्षण दहा वर्षांत संपादन झाले नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे मिटते. कलम ३७ खाली फेरबदल करूनही आरक्षण बदलता येते. नवी मुंबईत जमीन बहुतांशी सिडकोची. महापालिका १ जानेवारी १९९२ पासून कारभार पाहते, पण तिची स्वतःची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली २०२२ मध्ये. तोवर कितीतरी भूखंड विकले गेले होते आणि उरलेल्यांवर आरक्षण कोणी व कसे टाकावे यावरून दोन संस्थांत वाद झाला. विकलेल्या भूखंडावर मैदान परत आणणे किती कठीण, हे वेगळे सांगावयास नको.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत.

पहिली : घर किंवा खोली घेण्यापूर्वी झोन दाखला आणि जमिनीच्या मालकीचा कागद पाहावा. वीजबिल, करपावती हे मालकीचे पुरावे नव्हेत. बयाणा देण्याआधी दोन दिवस कामावर खाडा झाला तरी चालेल.

दुसरी : आपल्या वस्तीचा भाग नकाशा नगररचना विभागातून फी भरून मिळतो. विहारात किंवा समाजमंदिरात तो भिंतीवर लावावा. शाळेत भूगोल शिकणाऱ्या मुलामुलींकडून तो वाचून घ्यावा. दिशा, रंग, रस्ता त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतात.

तिसरी : प्रारूप योजना किंवा फेरबदलाची नोटीस राजपत्रात व वर्तमानपत्रांत येते. तीत हरकतीची मुदत छापलेली असते. मुदतीत लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी, सुनावणीला हजर राहावे. शंभर जणांनी रस्त्यावर घोषणा दिल्या तर त्या हवेत विरतात. शंभर जणांनी सही करून अर्ज दिले तर त्यांना फाइलीत क्रमांक पडतो आणि त्यांवर निर्णय लिहावाच लागतो. घोषणाही द्याव्यात, अर्जही द्यावेत.

चौथी : सामाजिक कार्यासाठी भूखंड मागावयाचा तर नोंदणीकृत संस्था, लेखापरीक्षित हिशेब, बांधकामाच्या पैशांची तरतूद असे कागद लागतात. आपली पुष्कळ मंडळे येथेच अडतात. वर्गणी गोळा होते, कार्यक्रम थाटात होतो, वही मात्र कोणाकडे आहे ते सापडत नाही. हिशेब ठेवणे ही सुद्धा चळवळच आहे. प्रत्येक मंडळाने आपल्यातल्या एखाद्या वाणिज्य शिकणाऱ्या मुलीला खजिनदार करावे, म्हणजे हिशेबही राहील आणि तिला अनुभवही मिळेल.

पाचवी आणि शेवटची : खाणमजूर, घरकामगार, सफाई कामगार, मूळ गावकरी, सारे वेगवेगळे गेले तर प्रत्येकाला एकेका टेबलावरून परत पाठविता येते. माथाडींनी आणि जासईच्या शेतकऱ्यांनी जे मिळविले ते एकत्र उभे राहून मिळविले. त्यांच्याकडून हे शिकावे.

बेलापूरच्या कचेरीत आम्ही भाग नकाशासाठी अर्ज दिला, फी भरली, पोच घेतली. नकाशा हाती येताच पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तुर्भे स्टोअरच्या वस्तीत त्याचे वाचन ठेवणार आहोत. आपल्या वस्तीतही असे वाचन ठेवावयाचे असेल तर मंडळाच्या सह्यांचे पत्र साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवावे. नकाशा, पट्टी आणि रंगीत पेन्सिली आम्ही घेऊन येऊ.